बर्फाच्या कारखान्यावरची दुसरी उडी

मोक सेक-लुन तिशीपर्यंत पडण्याचंच काम करत आला. जिन्यावरून पडला, घोड्यावरून पडला, चालत्या ट्रकवरून पडला, आणि एकदा तर वाढलेल्या जेवणाच्या टेबलासकट खिडकीतून. नऊ वर्षांचा होता तेव्हा बापाने त्याला हाँगकाँगमधल्या याउ मा तेई वस्तीतल्या एका ऑपेरा मंडळीच्या गुरूच्या पायावर घातलं आणि दहा वर्षांच्या करारावर अंगठा उठवला. शिकताना पोर मेलं तर गुरूकडे दाद मागायची नाही, असं त्यात लिहिलं होतं. बापाला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी त्याने अंगठा उठवलाच असता, घरात खाणारी सात तोंडं होती.

मंडळी पुढे मोडली. ऑपेरा बघायला म्हातारे तेवढे उरले होते, तेही एकेक करून गेले. पण त्याच सुमारास हाँगकाँगच्या सिनेमावाल्यांना माणसं हवी होती, नटाचे कपडे घालून नटाच्या वाटची हाडं मोडून घेणारी. लुन तिकडे वळला. तिशीपर्यंत त्याचा उजवा खांदा दोनदा निखळला, तीन बरगड्या गेल्या, आणि पडद्यावर त्याचं तोंड एकदाही दिसलं नाही. दिसलं की शॉट बाद, असा त्या धंद्याचा नियमच.

आउ तिंग-फात त्याला एका सेटवर भेटला. एकोणीस वर्षांचा, छत्र्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेला, कुठल्या गुरूकडे एक दिवस शिकलेला नाही, पण पडायचा मांजरासारखा. लुनने त्याला हाताशी धरलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला कुशीवर लोळायला शिकवायचा, मान आत कशी घ्यायची, श्वास कधी सोडायचा ते दाखवायचा. फात त्याला 'लुन-को' म्हणायचा, लुनदादा म्हटल्यासारखं, आणि रविवारी ओढून घरी जेवायला न्यायचा. घरात त्याची आई आणि दोन वर्षांनी मोठी बहीण लाई-हा. लाई-हा क्वुन तोंगच्या एका कारखान्यात दिवसभर बाहुल्यांना डोळे बसवायची, आणि संध्याकाळी तिच्या जिभेला धार चढलेली असायची.

"हाच का तुझा सिफू, तुझा गुरू?" पहिल्याच दिवशी तिने भावाला विचारलं. "याच्याच हाताला प्लास्टर. याच्याकडून तू पडायला शिकणार की मोडायला?"

"दोन्ही," फात म्हणाला. "एकावर एक फुकट आहे, ताई."

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात 'सातवी गोदी' हा सिनेमा सुरू झाला. एक इन्स्पेक्टर आपल्याच जुन्या जोडीदाराच्या मागावर असतो आणि शेवटी दोघंही मरतात, अशी गोष्ट. त्या काळी कितीही रक्त सांडलं तरी मध्ये चार थट्टामस्करीचे प्रसंग घालायची रीत होती. यात एकही नव्हता. "माणूस हसला की मी हरलो," असं दिग्दर्शक यिप म्हणायचा. मुहूर्ताला भाजलेलं अख्खं डुक्कर कापलं, सगळ्यांनी उदबत्त्या लावून नमस्कार केला, फातने दोनदा केला.

शेवटचा पाठलाग अ‍ॅबर्डीनच्या किनाऱ्यावरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होता. पळणाऱ्या गुन्हेगाराने चौथ्या मजल्याची खिडकी फोडून बाहेर यायचं, बांबूच्या परांचीला घासत खाली जायचं. खाली पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांचे तीन थर आणि त्यांवर गाद्या. खोकी चिरडत जातात आणि माणसाचा वेग खातात. एकदा चिरडलेलं खोकं पुन्हा उभं केलं तरी त्यात दम उरत नाही. हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं.

लुनने सकाळी अकराला उडी मारली. झकास झाली, टाळ्या पडल्या. घोटा मात्र मुरगळला. आणि थोड्या वेळाने वरून निरोप आला की मुख्य कॅमेऱ्यात फिल्म अडकून फाटली, दुसरी उडी लागेल. सूर्य सरकत होता. नवी खोकी मागवली तर यायला दोन तास लागणार होते, तोवर खिडकीवरचा उजेड गेला असता.

"लुन-को, तू बस," फात म्हणाला. "मी मारतो. उंची सारखी, पाठ सारखी, कुणाच्या बापाला कळणार नाही. फक्त आईला सांगू नको."

यिपच्या सहायकाने लुनला विचारलं, खोकी चालतील का. ढिगावर अखेरची नजर टाकायची ती पहिली उडी मारलेल्याने, कारण ढीग कुठे बसला ते त्याच्या हाडांना ठाऊक असतं. लुन बर्फाच्या बादलीत पाय घालून बसला होता. उठायचं म्हणजे घोट्यातून कळ येणार. त्याने बसल्या जागेवरूनच मान वळवली. चिरडलेली खोकी चिकटपट्टी लावून पुन्हा उभी केली होती. वर गाद्या नीट अंथरल्या होत्या. दिसायला सगळं ठीक होतं.

"चालतील," तो म्हणाला.

फातने उडी मारली ती अगदी शिकवल्यासारखी. परांचीला जिथे घासायचं तिथेच घासला, जिथे पडायचं तिथेच पडला. आणि खोक्यांतून थेट फरशीपर्यंत गेला. हॉस्पिटलात पोचेस्तोवर धुगधुगी होती, पण शुद्ध नव्हती. तेवीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी यिपने लुनला गाडीत बसवून घेतलं. डोळे सुजलेले होते त्याचे. तो काही दगडाच्या काळजाचा माणूस नव्हता.

"त्याच्या आईला सांग, तो शॉट आम्ही जाळला. सिनेमात तुझाच आहे."

"माझा तर फाटला."

"तिला कुठे ठाऊक आहे?"

"मग वापरणार कुठला?"

यिप खिडकीबाहेर बघत राहिला. "त्याने तो मारलाय, लुन. जीव देऊन मारलाय. मी तो फेकून देऊ?"

लुनने आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "बरं केलंत. थेटरात सुकं म्हाकूळ चघळत लोकांनी माझं पोरगं मरताना बघायला नको."

सिनेमा लागला तेव्हा लुन दुपारच्या खेळाला एकटाच मोंग कोकला गेला. शेवटच्या रिळात खिडकी फुटली, एक माणूस बाहेर आला, परांचीला घासला, आणि फरशीला टेकायच्या आत चित्र बदललं. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. पण ती मान आत घ्यायची ढब लुननेच शिकवलेली होती. मागच्या रांगेतला कुणीतरी मांडीवर थाप मारून ओरडला, "आयला, काय पडला!" लुन अंधारात पायऱ्या चाचपत बाहेर आला.

त्यानंतर तो कुठल्याही सेटवर गेला नाही. एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चिकटला. दर रविवारी मात्र तो आउंच्या घरी जायचा. तांदूळ वर चढवून द्यायचा, आईला दवाखान्यात न्यायचा, गळका नळ बघायचा. लाई-हाची धार त्याच्यापुरती हळूहळू बोथट होत गेली. एकदा नूडल्सच्या दुकानात बसले असताना ती म्हणाली, "तू एवढं करतोस. फातने पुढच्या जन्मी फेडायचं म्हटलं तरी फिटणार नाही." लुनने मान खाली घालून नूडल्स खाल्ल्या. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. हे आपण प्रायश्चित्त म्हणून करतोय की ती आवडते म्हणून, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. आवडत होती, एवढं खरं. मूल झालं नाही. त्याबद्दल लुन कधी हळहळला नाही, आणि का नाही हेही त्याने तिला सांगितलं नाही.

'सातवी गोदी'ची कॅसेट आधीच गल्लीतल्या दुकानात भाड्याने मिळू लागली होती, पण घरात यंत्र नव्हतं, तो विषय निघाला नाही. पुढे व्हीसीडीचे दिवस आले. नवीन वर्षाच्या तोंडावर लाई-हा शाम शुई पोच्या फुटपाथवरून एक प्लास्टिकची डबी घेऊन आली.

"बघ काय मिळालं! तुझा सिनेमा. फातचा शॉट त्यांनी जाळला, तुझा तरी बघू."

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले होते. तिने आईला चष्मा घालून अगदी पुढे बसवलं. चित्र कसलं, नुसता चौकटी-चौकटींचा चिखल. शेवटी शेवटी खिडकी फुटली आणि एक तपकिरी ठिपका बाहेर आला.

"हा! हा माझा नवरा!" लाई-हाने टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या. "चौथ्या मजल्यावरून! आता याला स्टुलावर चढून बल्ब बदल म्हटलं तर गुडघे दुखतात."

सगळे हसले. आईने कोंबडीची तंगडी लुनच्या वाडग्यात वाढली. त्याने ती खाल्ली. आई गेली तोवर, नऊ वर्षं, दर नव्या वर्षाला ती डबी निघायची. तबकडीवर चरे पडत गेले, चित्र अडखळायचं, आणि लाई-हा टाळी वाजवायला ते पुढे सरकण्याची वाट बघायची.

यिप वारला. सिनेमा विस्मरणात गेला असं लुनला वाटलं. पण तीस वर्षं उलटून गेल्यावर एका लहानशा कंपनीतून चोय मान-केई नावाच्या बाईचा फोन आला. गोदामात मूळ निगेटिव्ह सापडली होती. ती धुऊन-पुसून, नव्या डिस्कवर, पुस्तिकेसह पेटीत घालून त्यांना काढायची होती.

"मोक सिफू, मूळ नामावलीत स्टंटवाल्यांची नावंच नाहीत," ती म्हणाली. "मला ती घालायचीत. तुमची मुलाखतही हवीय. तुम्ही लोकांनी हाडं मोडलीत आणि कुणी साधं नाव लिहिलं नाही. मला लाज वाटते."

लुन नको म्हणाला. लाई-हाने फोन हिसकावून हो म्हटलं. "केस काळे करून जा," तिने बजावलं. "आणि विनाकारण नम्र होऊ नको. उडी मारलीस, तर मारली म्हण."

क्वाय चुंगच्या एका गोदामवजा इमारतीत मान-केईने त्याला पडद्यासमोर बसवलं. ती कामाची बाई होती, आठ महिने डोळे फोडून एकेक चौकट साफ केलेली. तिने कौतुकाने तोच शॉट लावला, हळू करून. काचेचा एकेक तुकडा दिसत होता. परांचीच्या बांबूंना बांधलेल्या पट्ट्या दिसत होत्या. आणि परांचीला घासताना त्या माणसाची मान क्षणभर वळली. कॅसेटवर, तबकडीवर जिथे नुसता डाग होता तिथे तोंड होतं. डोळे उघडे. फात खाली खोक्यांकडे बघत होता.

लुनने खुर्चीचा हात धरला.

"सगळे म्हणतात हे तुम्ही," मान-केई म्हणाली. "तुम्हीच ना?"

इथे खरं बोलता आलं असतं. पण खरं बोललं की पुस्तिकेत नाव बदलणार, आणि नाव बदललं की लाई-हा विचारणार.

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "हा जरा अंधुक नाही का करता येणार?"

"सिफू!" ती हसली. "अंधुक होता तो स्वच्छ करण्यातच माझा चष्मा बदलला."

मुलाखतीत तो दोन तास ऑपेरा मंडळीबद्दल, गुरूच्या वेताबद्दल, खांद्याबद्दल बोलला. बर्फाच्या कारखान्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "ठीक झाली होती उडी."

पेटी आली. त्यांच्या जुन्या यंत्रावर ती डिस्क चालत नव्हती, तेवढ्यावर लुनने आठ दिवस काढले. नवव्या दिवशी लाई-हा नवं यंत्र घेऊन आली.

"तुझं नाव जन्मात पहिल्यांदा छापून आलंय आणि घरात बघायची सोय नाही? लोक काय म्हणतील?"

शनिवारची दुपार होती. शेजारच्या घरात महाजोंगच्या सोंगट्यांचा खळखळाट चालला होता. लुनला उठून बाहेर जाता आलं असतं. सिगारेट आणतो म्हणायचं आणि खाली बागेत बसायचं. तो बसून राहिला. लाई-हा संत्र्याच्या फोडी खात बघत होती. मध्येच म्हणायची, "किती स्पष्ट दिसतंय बघ, त्याच्या कोटाचं बटणसुद्धा."

खिडकी फुटली. तिने सवयीने हात वर केले. टाळी वाजली नाही.

"मागे घे," ती म्हणाली.

त्याने मागे घेतलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा तिने स्वतः चित्र थांबवलं, उठली आणि टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली.

"हा फात आहे."

"हो."

"तुला कधीपासून माहितीय?"

"पहिल्यापासून. माझा शॉट फाटला होता."

ती खाली जमिनीवर बसली.

"मी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "लोकांना बोलावून बोलावून. आईला चष्मा घालून पुढे बसवायचे मी, लुन. पुढे बसवायचे."

"आईच म्हणाली होती की लोकांनी बघायला नको..."

"गप्प बस. आईचं नाव काढू नको."

ती न्हाणीघरात गेली. नळ चालू राहिला. तासाभराने तोंड धुऊन बाहेर आली ती शांत होती. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"यिपने तुला खोटं बोलायला लावलं," ती हळू म्हणाली, जणू आपणच त्याच्यासाठी शब्द जुळवून देतेय. "तू तरुण होतास, घाबरलास. मग एकदा बोललेलं खोटं मागे घेता आलं नाही. एवढंच ना? एवढंच असेल तर सांग. मला चार दिवस दे. मी रागावेन, पण राहीन."

तिने त्याच्यासाठी सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं आणि त्याला ते दिसत होतं. 'हो, एवढंच' म्हणायचा अवकाश. पण पडद्यावर फात अजून तसाच अधांतरी थांबलेला होता, खाली बघत.

"एवढंच नाही," लुन म्हणाला. आणि त्याने खोक्यांचं सांगितलं. बादली, घोटा, चिकटपट्टी, सहायकाचा प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर.

"उठून बघितलं नाहीस?"

"नाही."

"नवी खोकी यायला किती वेळ लागला असता?"

"दोन तास."

"दोन तास," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने भात लावला, मासा वाफवला, दोघं समोरासमोर जेवले. पुढच्या बुधवारी ती तुन मुनला मावसबहिणीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. जाताना त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते सांगून गेली.

लुनने मान-केईला फोन करून सगळं सांगितलं. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते, सिफू," ती म्हणाली. कंपनीच्या पानावर तिने चार ओळींचा खुलासाही टाकला. पण पेट्या मोजक्याच काढल्या होत्या, त्या संपल्या आणि पुढची आवृत्ती निघाली नाही. खुलासा फारसा कुणी वाचला नाही. ती चौकट मात्र लोकांनी उचलली, छापून भिंतीवर लावली, सदऱ्यावर छापली. खाली नाव मोक सेक-लुन.

एकदा तो चहाच्या हॉटेलात बसला असताना चाळिशीचा एक माणूस भीत भीत आला. त्याने बॅगेतून तोच फोटो आणि पेन काढलं.

"सिफू, सही द्याल? हा शॉट म्हणजे देवच आहे आमच्यासाठी."

"हा मी नाही," लुन म्हणाला. "याचं नाव आउ तिंग-फात. हा यात मेला."

तो माणूस क्षणभर गोंधळला. मग त्याचे डोळे भरून आले. "कळलं, सिफू. म्हणजे ती उडी मारली तेव्हा जुना मोक सेक-लुन मेला. काय बोललात! तुमच्या पिढीचा हा नम्रपणाच आता कुठे दिसत नाही." लुनने त्याला पुन्हा समजावलं, तारीख सांगितली, हॉस्पिटलही सांगितलं. माणूस माना डोलवत राहिला. शेवटी त्याने लुनच्या चहाचं बिल भरलं आणि पाठमोरा न होता दारापर्यंत गेला.

छिंग मिंगला, पितरांच्या दिवशी, लुन भाजलेलं डुकराचं मांस आणि उदबत्त्या घेऊन डायमंड हिलला गेला. फातच्या आणि आईच्या अस्थी तिथे शेजारशेजारच्या कोनाड्यांत होत्या. लाई-हा आधीच आलेली होती, ओल्या फडक्याने संगमरवर पुसत होती. बारीक झाली होती. त्याला बघून तिचा हात थांबला.

"जेवतोस ना वेळेवर?" तिने विचारलं.

"जेवतो."

"गोळ्या?"

"घेतो."

तिने फडकं पिळलं, घडी केली. "तू दुपारनंतर येत जा," ती म्हणाली. "सकाळी मी असते."

तो खाली उतरून फाटकाशी कठड्यावर बसला. लोक डुकराचं मांस, फुलं, कागदी नोटांच्या चळती घेऊन वर जात होते, रिकाम्या पिशव्या घेऊन खाली येत होते. बारा वाजून गेले तरी ती आली नाही. मग त्याच्या लक्षात आलं की मागच्या बाजूलाही एक जिना आहे. तो पुन्हा वर चढला. कोनाड्यांसमोर संत्री होती, सिगारेटचं पाकीट होतं, उदबत्त्या विझत आल्या होत्या. त्याने आपल्या लावल्या आणि धूर सरेपर्यंत उभा राहिला.

पुढच्या वर्षी तो दुपारनंतर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो अर्ध्या चढावरूनच परत फिरला. बरोबर नेलेलं मांस त्याने रविवारपर्यंत पुरवून खाल्लं.